एकच वायर

गेमिंग लॅपटॉप घेऊन वर्ष झालं आणि टेबलावर अजून डॉकिंग स्टेशन नाही? मग लॅपटॉप तरी कशाला घेतला, बैलबंडीच घ्यायची होती. डॉक म्हणजे कसं, एकच वायर खोचली की मॉनिटर, कीबोर्ड, माउस, चार्जिंग, सगळं सुरू. ती काढली की तुम्ही मोकळे. लगेच मागवा. डब्यावरचं बारीक अक्षर तेवढं वाचू नका. वाचलं की माणूस घेत नाही.

आधी डॉकची भोकं, म्हणजे पोर्टं, मोजा. अकरावालं आवडलं तर तेरावालं शोधा. तुमच्याकडे लावायला कीबोर्ड, माउस आणि साळ्याच्या लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह आहे, हे खरं. पण बाकीची वाया जात नाहीत. घराशेजारी सोयाबीनचं थ्रेशर चाललं की कुटार तिथंच जाऊन बसतं.

लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट कसलं, ते तपासायचं नाही. टाइप-सी हा नुसता आकार. आतून कुठे सेकंदाला ५ गिगाबिट माहिती जाते, कुठे १०, थंडरबोल्ट ४ नावाचं वेगवान पोर्ट असेल तर ४०. काहींतून चित्र बाहेर येतच नाही. विहिरीचा कठडा सारखाच असतो, पाणी दोर सोडल्यावर कळतं. तुम्ही दोर सोडूच नका.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, असेल तर डॉकवरचं ‘फोर-के’ मोठ्यानं वाचा, शेजारचं ‘३० हर्ट्झ’ मनातसुद्धा वाचू नका. काही डॉक चित्र दाबून यूएसबीतून पाठवतात आणि त्याचं ओझं प्रोसेसरवर टाकतात. तलाठी कार्यालयाच्या एक्सेलला ते चालतं, तुमच्या गोळीबारालाही चालेलच की! बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरच्या वायरीचं भोक, थेट मोठ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं, म्हणून शहाणी माणसं मॉनिटर तिथंच लावतात. पण मग डॉकची शोभा काय राहिली?

आता चार्जिंग. माझ्या लॅपटॉपचा अडॅप्टर २३० वॅटचा, वजनाला अर्धी वीट. डॉक देणार १०० वॅट. मी हिशेब केला नाही, तुम्हीही करू नका. पहिल्या रात्री थाटात एकच वायर खोचली, गेम लावला. कोपऱ्यात चार्जिंगची खूण दिसत होती आणि शेजारचा आकडा ८२, मग ७४, मग ६१. बाबा मागं येऊन उभे राहिले.

“हे चार्ज होऊन राहिलं का उतरून राहिलं बे?”

मी म्हटलं, दोन्ही. दुसऱ्या दिवशी वीट परत लावली. चित्र अडखळत होतं म्हणून एचडीएमआयही परत लॅपटॉपलाच.

किमतीचं मनावर घेऊ नका. थंडरबोल्टवालं बरं डॉक वीस-पंचवीस हजारांत येतं. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, म्हणजे तीन क्विंटलचा मामला. तोही हमीभाव मिळाला तर. चुकारा हाती आला की घरात कोणी विचारायच्या आत ऑर्डर टाका.

डॉकला इंटरनेटच्या वायरीचं गिगाबिट पोर्टही असतं, ते बघून घ्या. बघायलाच आहे. नेट मोबाईलवरून येतं आणि मोबाईल माळ्यावरच्या खिडकीत, कारण रेंज तिथंच.

एवढं जमवलं की थंडीच्या एखाद्या रात्री निवांत खेळायला बसा. रात्रपाळीची थ्री फेज येईपर्यंत वेळ तुमचाच आहे. ती आली की ओसरीतून हाक येईल, “लाईन आली बे, हरभऱ्याले पाणी द्याचं हाय! आन् त्या डब्याच्या वायरी काढून ये, मांगं टीव्ही जळला होता.”

काढा मग. लॅपटॉपचा अडॅप्टर, एचडीएमआय, डॉकची वायर, डॉकचा स्वतःचा अडॅप्टर. चार. डॉक घ्यायच्या आधीही चारच होत्या.