पायथन ३.९ सोडायचं म्हटलं की सगळे झोपेतून उठतात

अरे माझ्या लायब्ररीतून (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या ३.९ व्हर्जनचा सपोर्ट काढूया एवढंच म्हणालो, कुणाची किडनी नाही मागितली! ऑक्टोबर २०२५ ला ३.९ चा अधिकृत सपोर्टच संपला, आता सिक्युरिटी फिक्सपण येत नाहीत, आणि हे काय अचानक झालंय का, २०२० ला आलं तेव्हाच पाच वर्षांनी जाणार हे जाहीर होतं. तरी दर वेळी तीच टेप, "जरा थांबूया, अजून कुणीतरी वापरत असेल." असेल ना, वापरू दे की! त्याच्या मशीनवरून कोण काढून घेतंय?

लायब्ररीच्या मेटाडेटात (तिच्यासोबत जाणाऱ्या माहितीत) किमान ३.१० लिहिलं की जुन्या पायथनवाल्याला पिप (पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं टूल) गपचूप मागचीच, त्याला चालणारी रिलीज देतं. २०१६ च्या पिप ९ पासून हे आहे. म्हणजे काहीच तुटत नाही, फक्त नवीन फीचर मिळत नाहीत. पण नाही, ह्यांना पायथन जुनं पाहिजे आणि माझी लायब्ररी मात्र ताजी ताजी पाहिजे.

आणि इकडे आमचे हाल बघा. मॅच-केस (अनेक पर्याय सुटसुटीत तपासायची पद्धत) २०२१ पासून आहे, पण ३.९ मध्ये नाही, म्हणून आम्ही अजून जुनं इफ-एलिफच ओढतोय. टाइप हिंटमध्ये (कुठे कोणत्या प्रकारचा डेटा येणार ते सांगणारी नोंद) साधी उभी रेघ टाकून युनियन, म्हणजे "हा प्रकार किंवा तो", लिहिलं की ३.९ वर फुटतं, फ्यूचर इम्पोर्ट (त्या नोंदी लगेच तपासू नको असं पायथनला सांगणारी ओळ) टाकून गप्प करावं तर रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, टाइप वाचणारं कुणीतरी येतं आणि तिकडे फुटतं. नमपाय ह्या आकडेमोडीच्या प्रसिद्ध लायब्ररीने तर ऑगस्ट २०२४ लाच, २.१ मध्ये, ३.९ सोडून दिलं, त्यांना कुणी काही बोललं नाही (बोलले असतील तर त्यांनी ऐकलं नाही, शहाणे). आम्ही मात्र सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) नमपायची दोन-दोन व्हर्जन सांभाळत बसलोय, ३.९ च्या एका जॉबसाठी, जो नेमका रिलीजच्या रात्री लाल, म्हणजे फेल, होतो.

सगळ्यात डोकं फिरवणारे म्हणजे कंपनीवाले. "आमच्याकडे रेड हॅट ९ (कंपन्यांसाठीची लिनक्स) आहे, त्यात ३.९ च येतं आणि २०३२ पर्यंत सपोर्ट आहे." अहो मग त्या सपोर्टचे पैसे तुम्ही ज्यांना देता त्यांना विचारा ना! पैसे तिकडे आणि फुकटची हमाली माझ्याकडून, तीपण रविवारी? शिवाय त्याच रेड हॅट ९ वर ३.११ आणि ३.१२ ची पॅकेजं आहेत, एका कमांडीत येतात, पण तेवढं टाइप करायला ह्यांना आधी चार मॅनेजरांचं अप्रूव्हल लागतं.

पुढच्या रिलीजला काढतोय, विषय संपला. आणि हो, ३.१० पण ऑक्टोबर २०२६ ला जातंय, त्याची बोंब आत्ताच मारून घ्या.