गुन्हा नको, जामीन दाखवा

तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांनी गावात नाटक करावं का, असं कोकणात बोलणं निघालं की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, गुन्हेगारांना रंगमंच कशाला? दुसरी म्हणते, बोलू दे बिचाऱ्यांना, मन मोकळं होईल. लंडनमधून पाहताना मला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकतात असं वाटतं. नाटक म्हणजे त्या बाईने स्वतःचीच कहाणी सांगणं, असं दोघांनीही धरून चाललेलं असतं.

इंग्लंडमध्ये 1979 साली आस्कम ग्रेंज तुरुंगातल्या दोन कैदी बायकांनी क्लीन ब्रेक ही नाटक कंपनी काढली. ती उभी राहिली, टिकली. पण तिथल्या बाईला एक आधार आहे. 1974 च्या कायद्याने बऱ्याच शिक्षा ठरावीक काळानंतर कालबाह्य होतात आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगाव्या लागत नाहीत. शिवाय प्रयोग संपला की ती शहराच्या गर्दीत मिसळते. वेंगुर्ल्याच्या एखाद्या वाडीतली बाई कुठे मिसळणार? दुसऱ्या दिवशी तिला त्याच काजू फॅक्टरीत त्याच बायकांशेजारी बसायचं असतं.

त्यात आपल्याकडे भारतात 2022 अखेर कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून चालू. जामिनावर बाहेर आलेली बाई स्वतःच्या केसबद्दल रंगमंचावर बोलली आणि साक्षीदार पहिल्या रांगेत बसलेला असला, तर साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामीन रद्द करायचा अर्ज येऊ शकतो. म्हणून पहिला नियम: कुणीही स्वतःची केस करायची नाही. तीन-चार जणींचे अनुभव एका पात्रात मिसळा, तालुका बदला, नाती बदला, आरोप सांगूच नका. आराखडा वकिलाकडून एकदा वाचून घ्या. मोबाइलवर शूटिंग नाही, हे प्रयोगाआधीच जाहीर करा.

मग दाखवायचं काय? जामीन. कोर्टाने जामीन दिला, तरी जामीनदार नाही म्हणून बाई आतच राहते. जामीनदाराकडे ऐपतीचा पुरावा मागतात, बहुधा सातबारा. आणि कोकणातला सातबारा सामाईक: आजोबांच्या नावापासून चालत आलेले हिस्सेदार, निम्मे मुंबईत, बाईचं नाव बहुतेक वेळा नाहीच. "माझ्या एकट्याच्या नावार आसा काय जमीन?" असं भाऊ म्हणतो आणि विषय संपतो. खरं तर संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशाप्रमाणे जामीन मिळूनही 7 दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. हे वाडीत किती घरांना ठाऊक आहे?

प्रयोग 20 ते 25 मिनिटांचा पुरे. ब्राझीलचा नाटककार आगुस्तो बोआल याची पद्धत इथे नेमकी बसते. एकदा नाटक वाईट शेवटापर्यंत सरळ करायचं. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी प्रेक्षकाने "थांब" म्हणायचं, पुढे यायचं, अडलेल्या पात्राच्या जागी उभं राहून दुसरा मार्ग करून पाहायचा. इथे हमखास बिघडतं. प्रेक्षक भावाच्या जागी येतो, भाऊ एकदम भला होतो, सगळं सुटतं आणि हाती काही लागत नाही. म्हणून बदलायचं ते बाईचं किंवा तिच्या बहिणीचं पात्र, भावाचं नाही. दुसरं, पहिला उठतो तो भाषण करणारा. सूत्रधाराने त्याला "बोलू नका, करून दाखवा" म्हणायचं आणि पहिली पाळी बायकांना द्यायची. "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर सूत्रधाराने लगेच द्यावं, त्या बाईवर सोडू नये.

हजरजबाबी संवाद आपल्याला नवे नाहीत. दशावतारात लेखी संहितेशिवाय, नुसत्या कथानकावर रात्रभर संवाद चालतात. एखाद्या जुन्या नटाला दोन दिवस तालमीला बोलवा. मात्र त्या रंगमंचावर स्त्रीपात्रंही परंपरेने पुरुषच करत आले, म्हणून कसब घ्यावं, मंडळी आपलीच ठेवावी. आठ-दहा जणींचा गट असावा. तालमी 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत, प्रयोग भातकापणीनंतर आणि आंब्याच्या आधी. प्रत्येक तालमीला बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि मुलांचं जेवण द्यायचं. फुकट काम मागितलं की दुसऱ्या आठवड्यात निम्म्या जणी गळतात, आणि ते बरोबरच आहे.

लंडनच्या थिएटरात बहुतेक आधीच सहानुभूती असलेला माणूस तिकीट काढून येतो. वाडीत नकार देणारा भाऊ, पोलीस पाटील, तलाठी सगळे समोर बसतात. तिथे माणसाला आडोसा नाही हे खरं, पण नकार देणाऱ्यालाही नाही. ही संधी परदेशाला नाही, आणि आपण ती वाया घालवतो. तालुका विधी सेवा समितीचा वकील मात्र हवाच. 1987 च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. रिओ शहराचा नगरसेवक असताना, 1993 ते 1996 मध्ये, बोआलने प्रेक्षकांच्या सूचनांतून 13 कायदे करून घेतले. आपण सूचनांतून अर्ज लिहिले तरी खूप झालं. महिन्याभराने त्याच वाडीत दुसरी बैठक घ्यावी आणि अर्जांचं काय झालं ते वकिलाने तिथे सांगावं. तेवढी तयारी नसेल, तर पहिला प्रयोगही लावू नये.