कासवीचं अंडं बोटांनी दाबून काढायचं नसतं

परवा रात्री अकराला भाचीचा रडत फोन आला. हातात कासवी, समोर फॅमिली ग्रुपवर फिरत आलेला मेसेज: "कासवीची अंडी अडली तर डॉक्टरची गरज नाही. एरंडेल पाजा, कोमट पाण्यात ठेवा, मागच्या पायांपुढच्या मऊ भागावर दाबून अंडं बाहेर काढा. नर नसेल तर अंडी होतच नाहीत, निर्धास्त राहा." तिने दाबायला सुरुवातही केली होती.

नराचं आधी संपवते. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच ना? भाचीची रेड इअर्ड स्लायडर (पाण्यात राहणाऱ्या पाळीव कासवांची एक जात) सहा वर्षं एकटीच आहे.

आता ते दाबणं. अंडनलिका नाजूक असते. बाहेरून जोर दिला की ती फाटते, नाहीतर अंडं आतच फुटतं, बलक पोटात पसरतो आणि जीवावर बेततं. कधी नळीच मागच्या वाटेने बाहेर येते. शिवाय हाताला लागलं ते अंडंच कशावरून? मूतखडाही तसाच टणक लागतो. डॉक्टर तिथे बोटं लावतात ती चाचपायला, पिळायला नाही. माहिती नसताना असं लिहायचं आणि बाकीच्यांनी ते डोळे मिटून पुढे ढकलायचं, याचा मला संताप येतो.

एरंडेल जातं आतड्यात, अंडं अडलेलं असतं अंडनलिकेत. जुलाब झाले तर कासवी आणखी खचेल, एवढंच.

कोमट पाण्याचं थोडं खरं आहे. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आधार होतो, डॉक्टरही सांगतात. पण अडलेलं अंडं तेवढ्याने सुटेल या भरवशावर बसू नये.

एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअल या पशुवैद्यांच्या संदर्भग्रंथात अंडी अडण्याची दिलेली बरीचशी कारणं आपल्या घरातलीच आहेत: अंडी घालायला योग्य जागा नसणं, तापमान चुकणं, आहार निकृष्ट असणं, पाणी कमी पडणं. भाचीच्या टाकीत चिमूटभर माती नव्हती. चार दिवस कासवी मागच्या पायांनी काच खरवडत होती आणि आम्हाला वाटलं, खेळतेय. अंडी यायच्या आधी खाणं कमी होतंच, पण मलूल पडली किंवा नुसतीच कुंथत राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काल सकाळी एक्स-रे काढला. पाच अंडी, आकार नीट, वाट मोकळी. म्हणून आधी कॅल्शियम, मग ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं इंजेक्शन. अंडं फार मोठं किंवा वेडंवाकडं असतं तर त्या कळांनीच नळी फाटली असती, तेव्हा ते इंजेक्शनही कुणी परस्पर आणून टोचू नका.

संध्याकाळपर्यंत ओलसर मातीच्या टबात चार अंडी आली. पाचव्यासाठी आज पुन्हा जायचंय.