फोटोत यायचं नसेल तर असे कपडे घाला

गेल्या शुक्रवारी ऑफिसच्या कार्यक्रमाचा ग्रुप फोटो निघाला. फार सुंदर आलाय. फ्रेम सरळ, कोणाचे डोळे मिटलेले नाहीत, मागचा बोर्ड अख्खा वाचता येतो. एवढी खात्री कशी, तर तो मीच काढलाय. मला जीन्स आणि पोलो टी-शर्टात बघून एचआरच्या मॅडम एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काढता का फोटो? तुम्ही छान काढता." आजवर मी त्यांना एकही फोटो काढून दाखवलेला नाही.

तर समस्त पुरुषमंडळींसाठी हे काही सल्ले, फुकटात.

कपडे विकत घेताना अंगात घालून बघायच्या भानगडीत पडू नका. लेबलवर 34 लिहिलंय ना, मग झालं. टेप लावली तर तीच पॅंट कमरेला 36 भरते आणि दुसऱ्या कंपनीची 34 श्वास घेऊ देत नाही, पण आकडा वाचून बरं वाटतं ना, मग आकडाच घाला. खांद्याची शिवण दंडावर उतरली तर त्याला रिलॅक्स्ड फिट म्हणायचं. बटणांच्या फटीतून बनियन डोकावलं तर स्लिम फिट.

टेलरकडे चुकूनही जाऊ नका. कोटाची बाही थोडी आखूड केली की शर्टाचा कफ सेंटिमीटरभर बाहेर दिसतो आणि माणूस उगाच नीटनेटका वाटायला लागतो. पॅंटची मोहरी बुटावर तीन घड्या घालून बसली तरी बसू दे, तेवढीच बुटांना धुळीपासून सावली.

मोजे पांढरेच. फॉर्मलवर तर नक्कीच.

रंग जुळवायचं काम सकाळी अंधारात, एक डोळा मिटलेला असताना उरकायचं. कपाटासमोर नेव्ही ब्लू आणि काळा सारखेच दिसतात, उन्हात आल्यावर पॅंट एका घराण्याची आणि कोट दुसऱ्याचा असं कळतं, पण तोपर्यंत तुम्ही ऑफिसात पोचलेले असता. बेल्ट तपकिरी, बूट काळे, घड्याळाचा पट्टा तिसराच. कोणाला वाईट वाटायला नको. चौकडीवर पट्टे घालायचे असतील तर दोन्ही नक्ष्या एकाच आकाराच्या घ्या, म्हणजे समोरच्याला मीटिंगमध्ये झोप लागत नाही. (एक मोठी आणि एक बारीक घेतली की जमून जातं म्हणे. पण मग आपलं व्यक्तिमत्त्व कसं दिसणार?)

टायचं टोक बेल्टच्या बकलापर्यंत यावं असं म्हणतात. तुम्ही बेंबीवर थांबा.

दोन बटणांचा कोट असेल तर दोन्ही लावा. खालचं मोकळं सोडायची पद्धत इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या पोटामुळे पडली अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे, पण कोट कापतातच असा की खालचं लावलं की पोटापाशी सगळा गोळा होतो. होऊ दे. पैसे दोन्ही बटणांचे दिलेत आपण. खाली बसतानासुद्धा उघडू नका, बटण उडून समोरच्याच्या डोळ्यात गेलं तर त्याचं नशीब.

आता मुख्य सल्ला. मेलमध्ये 'ड्रेस कोड: स्मार्ट कॅज्युअल' असं आलं की अजिबात विचारू नका की म्हणजे नक्की काय. विचारणारा गावंढळ ठरतो. आपण अंदाज बांधायचा. मी बांधला. कॉलर आहे म्हणजे स्मार्ट, जीन्स आहे म्हणजे कॅज्युअल, बेरीज बरोबर. आणि पोलो काही ऐरागैरा कपडा नाही, फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्तने 1926 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत तो घालून टेनिस खेळलं होतं. मॅडमना हे सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, मग टेनिस खेळायला जा. कारण तिथे पोचलो तर सगळे ब्लेझरमध्ये! सगळे! यांना कुठून कळलं? वेगळा मेल गेला होता का? आणि गंमत सांगतो, मागच्या वेळी हेच दोन शब्द आले होते तेव्हा मी ब्लेझर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट असा गेलो होतो तर साहेब राउंड नेकमध्ये, आणि एक सहकारी सगळ्यांसमोर, साहेबांच्या कानापासून दोन फुटांवर, मोठ्याने, "काय रे, कुठे इंटरव्ह्यू आहे वाटतं आज?" त्यानंतर माझी साधी दोन दिवसांची रजा मंजूर व्हायला किती दिवस लागले ते विचारू नका. म्हणजे ब्लेझर घातला तर नोकरी सोडतोय आणि नाही घातला तर फोटोग्राफर.

1960च्या दशकात हवाई बेटांवर लोक शुक्रवारी ऑफिसात फुलाफुलांचे शर्ट घालायला लागले, तेव्हा बरं होतं. शुक्रवार, शर्ट, फुलं. सगळ्यांना कळलं. पुढे 1992 मध्ये जीन्सवाल्या लिव्हाइस कंपनीने अमेरिकेतल्या एचआरवाल्यांना ऑफिसातलं कॅज्युअल म्हणजे काय याची पुस्तिकाच छापून पाठवली. स्वतःचा माल खपवायलाच पाठवली, पण निदान फोटो दाखवून सांगितलं तरी. आमच्या मेलमध्ये काय आहे? दोन शब्द आणि एक स्मायली.

अहो, स्मायली काय पाठवता, लिहा ना सरळ! कॉलर हवी का. जीन्स चालते का, चालत असेल तर गडद निळी की फाटकी पण चालते. स्नीकर की बूट. ब्लेझर लागणार आहे का. चार ओळी! प्रोजेक्टरची वायर कोणी आणायची याचे अकरा मेल पाठवता आणि हे लिहायला बोटं दुखतात? आणि लिहिणार नसाल तर मग जो जसा येईल त्याला तसा उभा करा रांगेत, एकाला कॅमेरा देऊन बाजूला कशाला काढता?

आणि तुम्ही वाचणारे, तुम्हीही हसू नका. महागातला कोट आणायचा आणि दहा मिनिटं टेलरकडे जायचं नाही. ते कपडे खिडकीशी नेऊन उजेडात एकदा बघायचे नाहीत. नवीन कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीसारखा टाका असतो, खिसे कच्च्या दोऱ्याने शिवलेले असतात, बाहीवर कंपनीचं लेबल टाचलेलं असतं. टाके असतात ते दुकानात पोचेपर्यंत कोटाचा आकार बिघडू नये म्हणून आणि लेबल असतं ते दुकानात कळावं म्हणून. घरी आणल्यावर सगळं कापायचं असतं. कापायचं! शोभेला नसतं ते!

सांगायचं कारण, परवा तो ग्रुप फोटो मी झूम करून बघितला. पहिल्या रांगेत मधोमध साहेब उभे आहेत, ब्लेझर नवाकोरा, दोन्ही बटणं लावलेली, आणि डाव्या बाहीवर लेबल तसंच. अक्षरं वाचता येतात. फोकस अगदी नीट धरला होता मी.