गुणतक्ता पाहून एमव्हीपी ठरवू नका

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, नियमित हंगाम संपत आला की एक युक्तिवाद सगळीकडे फिरू लागतो. बास्केटबॉल जिंकण्यासाठीच खेळतात. खरा मोठा खेळाडू आपल्या संघाला जिंकवतोच. हरणाऱ्या संघात आकडे कुणीही जमवतं. आणि आजवर मान मिळाला तो वरच्या संघांतल्या खेळाडूंनाच. तेव्हा एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) असो वा दुसरा कुठला वैयक्तिक पुरस्कार, आधी गुणतक्ता पाहावा आणि मग नाव ठरवावं. ऐकायला हे रोखठोक वाटतं, म्हणून माना पटकन डोलतात. मला मात्र यातला जवळजवळ प्रत्येक दुवा कच्चा वाटतो. शिवाय त्यातून खेळाडूंवर खराखुरा अन्याय होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"खरा मोठा खेळाडू संघाला जिंकवतोच."

सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे, तेव्हा इथे जरा थांबू. सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणजे प्रत्येक संघाला भरून काढायची असतात २४० मिनिटं. संघाचा हुकमी खेळाडू ३६ मिनिटं खेळला तरी त्याचा वाटा १५ टक्के होतो. चेंडू सतत त्याच्या हातात असतो, त्यामुळे त्याचा प्रभाव १५ टक्क्यांहून बराच मोठा असतो, हे मान्य. पण तो कितीही ताणला तरी उरलेल्या माणसांना पुसून टाकण्याएवढा होत नाही.

केव्हिन गार्नेटचं उदाहरण पाहा. २००३-०४ मध्ये मिनेसोटा टिम्बरवुल्व्ज ५८ सामने जिंकले आणि गार्नेट एमव्हीपी झाला. सोबतीला सॅम कॅसेल आणि लॅट्रेल स्प्रीवेल होते. २००५-०६ पर्यंत दोघेही संघाबाहेर गेले होते आणि मिनेसोटाचा हिशोब ३३ विजय, ४९ पराभव असा झाला. या पडत्या काळातही गार्नेट रिबाउंडच्या (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू ताब्यात घेण्याच्या) सरासरीत लीगमध्ये पहिलाच होता, तोही २००३-०४ पासून सलग चार हंगाम. मग २००७ च्या उन्हाळ्यात तो बॉस्टनला गेला. आधीच्या हंगामात अवघे २४ सामने जिंकलेला तो संघ गार्नेट, रे ॲलन आणि पॉल पिअर्स या त्रिकुटाच्या जोरावर ६६ सामने जिंकून विजेता ठरला. गार्नेट त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूही झाला. खुद्द त्याच्या गुणांची आणि रिबाउंडची सरासरी मात्र मिनेसोटापेक्षा कमी होती. गुणतक्त्याच्या नियमाने मोजायचं तर हा माणूस २००४ मध्ये महान होता, २००६ मध्ये सामान्य झाला आणि २००८ मध्ये पुन्हा महान झाला. बदललं होतं काय? त्याच्या शेजारी उभी राहणारी माणसं.

हाच नियम उलटा लावला तर आणखी विचित्र उत्तरं मिळतात. १९९२-९३ मध्ये मायकल जॉर्डन असताना शिकागो बुल्स ५७ सामने जिंकले. तो निवृत्त झाल्यावर पुढच्या हंगामात ५५. म्हणजे जॉर्डनची किंमत दोन विजय? लेब्रॉन जेम्स असताना २००९-१० मध्ये क्लीव्हलँड ६१ सामने जिंकलं आणि तो गेल्यावर १९. म्हणजे लेब्रॉन जॉर्डनच्या एकवीसपट मोठा? असं कुणीच म्हणणार नाही, कारण मागे राहिलेले संघ निराळे होते हे सगळ्यांना कळतं. शिकागोत स्कॉटी पिपेन उरला होता आणि त्या वर्षी एमव्हीपीच्या मतदानात तो तिसरा आला. जी समज आपण या तुलनेत वापरतो, तीच पुरस्कार देताना का सोडायची?

"हरणाऱ्या संघात आकडे कुणीही जमवतं."

यात थोडं तथ्य आहे. दुबळ्या संघात बास्केटकडे फटके मारायला कुणी अडवत नाही आणि मागे पडलेल्या सामन्याच्या शेवटी मिळालेले गुण फारसे मोलाचे नसतात. पण त्यावर उपाय खेळाडूचा खेळ अधिक बारकाईने पाहणं हा आहे. किती फटक्यांत किती गुण आले? समोरचा संघ त्याच्यावर दोन-दोन माणसं सोडत होता का? तो बाकावर बसला की संघाचं काय व्हायचं? हे प्रश्न विचारले की पोकळ आकडे आपोआप उघडे पडतात, त्यासाठी गुणतक्ता लागत नाही.

२०२१-२२ चा निकोला योकिच आठवा. जमाल मरे दुखापतीमुळे हंगामभर खेळलाच नाही, मायकल पोर्टर ज्युनियर नऊ सामने खेळून बाहेर गेला. तरी डेन्व्हरने ४८ सामने जिंकून पश्चिम विभागात सहावं स्थान मिळवलं. एका हंगामात २००० गुण, १००० रिबाउंड आणि ५०० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) करणारा योकिच हा पहिला खेळाडू ठरला. मतदारांनी त्यालाच एमव्हीपी केलं. गुणतक्ता पाहिला असता तर मान ६४ सामने जिंकणाऱ्या फिनिक्सच्या डेव्हिन बुकरकडे जायला हवा होता. बुकर उत्तम खेळला, पण त्या वर्षी सर्वांत चांगला खेळला तो योकिचच.

"आजवर वरच्या संघांतलेच निवडले गेले."

बहुतेकदा, हो. नेहमी नाही. पहिलाच एमव्हीपी, १९५५-५६ चा बॉब पेटिट, ३३ विजय आणि ३९ पराभव असलेल्या सेंट लुइस हॉक्सचा होता. १९७५-७६ मध्ये करीम अब्दुल-जब्बार एमव्हीपी झाला तेव्हा लेकर्सचे ४० विजय आणि ४२ पराभव होते आणि संघ प्लेऑफमध्येही (हंगामानंतरच्या बाद फेरीतही) पोहोचला नव्हता. तेव्हा मतं खेळाडूच द्यायचे; पत्रकारांकडे मतदान गेलं ते १९८०-८१ पासून. म्हणजे ज्यांना रात्रीमागून रात्री करीमला अडवायचं होतं, त्यांनीच हा कौल दिला. माझ्या लेखी ही साक्ष कुठल्याही तक्त्यापेक्षा भारी आहे.

यावर १९६१-६२ चं उदाहरण पुढे येतं. विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे ५०.४ गुण केले, तरी खेळाडूंनी ६० सामने जिंकणाऱ्या बॉस्टनच्या बिल रसेलला निवडलं. पण रसेलचा खरा प्रभाव बचावात होता, आणि त्या काळी ब्लॉकची (समोरच्याचा फटका हवेतच अडवण्याची) अधिकृत नोंदच होत नसे. आकड्यांत न उतरलेलं काम प्रतिस्पर्ध्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथेही मोजला गेला तो माणूसच, असं मला वाटतं.

"विजय हा एकच निःपक्ष निकष आहे."

२०१३-१४ मध्ये फिनिक्सने ४८ सामने जिंकले आणि ते प्लेऑफबाहेर राहिले, कारण प्रवेश विभागवार ठरतो आणि ते पश्चिम विभागात होते. पूर्वेत अटलांटाला ३८ विजयांवर प्रवेश मिळाला. भूगोलाने ठरणारा निकष निःपक्ष कसा? फिनिक्सच्या गोरान ड्रागिचला मतदारांनी त्या वर्षी ऑल-एनबीए (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीतल्या) तिसऱ्या संघात घेतलं, ते योग्यच झालं.

"खेळ जिंकण्यासाठी आहे, मग मान जिंकणाऱ्याला."

जिंकणाऱ्यासाठी करंडक आहेच. वैयक्तिक पुरस्कार वेगळा ठेवला तो वेगळं काही पाहता यावं म्हणून. खेळाडूने विजयाला लावलेला हातभार त्याच्या खेळात आधीच मोजलेला असतो. त्यावर पुन्हा संघाचे विजय मिळवले की सहकाऱ्यांचं आणि व्यवस्थापनाचं श्रेयही त्याच्याच नावावर चढतं. १९६९ च्या अंतिम मालिकेत जेरी वेस्टने सातव्या सामन्यात ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले आणि लेकर्स १०६-१०८ असे हरले. फायनल्सचा एमव्हीपी त्या वर्षी प्रथमच निवडला गेला आणि तो वेस्टला मिळाला. त्यानंतर आजवर हरलेल्या संघातल्या कुणालाही तो मिळालेला नाही, ही गोष्ट मला खरोखर खटकते.

हा वाद फक्त मानाचाही नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०१७ पासूनच्या करारानुसार आठ-नऊ वर्षं खेळलेला, आपल्या मूळ संघात टिकलेला खेळाडू ऑल-एनबीए, सर्वोत्तम बचावपटू किंवा एमव्हीपी ठरला, तर संघाच्या वेतनमर्यादेच्या ३० ऐवजी ३५ टक्क्यांपर्यंत पगारास पात्र होऊ शकतो. गुणतक्त्याने पुरस्कार ठरले तर व्यवस्थापनाने केलेल्या चुकांचा भुर्दंड खेळाडूच्या खिशाला बसेल. आणि दुबळ्या संघाला उभं करू पाहणाऱ्याला आपण सांगू की सोड तो संघ, जा जिथे आधीच चांगले खेळाडू आहेत.

२०२४-२५ च्या एमव्हीपी मतदानात शाई गिलजस-अलेक्झांडरला पहिल्या पसंतीची ७१ मतं मिळाली, योकिचला २९. ज्यांनी शाईला मत दिलं त्यांच्याशी माझं भांडण नाही. ३२.७ गुणांच्या सरासरीने तो लीगमध्ये पहिला होता आणि बचावातही पक्का होता. मतदाराने कारण म्हणून हे सांगावं. त्याच्या ओक्लाहोमा सिटी संघाचे ६८ विजय सांगायचे असतील, तर त्यासोबत संघातल्या बाकीच्यांची नावंही घ्यावीत.