शेवटून वाचणारे गृहस्थ

दंतवैद्याकडे आपला क्रमांक येईपर्यंत सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने सोळा वर्षांच्या जादूगार मुलीची गोष्ट वाचू नये, असा कोणताही कायदा माझ्या ऐकिवात नाही. तरीही परवा मला या गुन्ह्याबद्दल जवळपास अर्धा तास जबानी द्यावी लागली आणि दाढेचा ठणका थांबला तरी तो ठणका अजून थांबलेला नाही.

कादंबरीबद्दल एवढेच सांगते. नायिका पोरकी, मावशीने वाढवलेली आणि स्वतःला अगदी सामान्य समजणारी आहे. एके दिवशी ती रागाने विहिरीत डोकावते आणि विहिरीचे पाणी उकळू लागते. तिच्या रक्तात बंदी घातलेली जादू आहे, हे तिच्याखेरीज निम्म्या गावाला ठाऊक असते. मुखपृष्ठावर उडते केस, खंजीर आणि चंदेरी उठावाची अक्षरे असल्यामुळे मी पुस्तक मांडीवर पालथे धरण्याची खबरदारी घेतली होती. परंतु मागच्या बाजूलाही तीच मुलगी पाठमोरी उभी होती.

"मुलीचं दिसतंय," शेजारचे गृहस्थ म्हणाले. सत्तरी ओलांडलेली, खिशाला दोन पेने आणि मांडीवर फाइल.

"नाही, माझंच आहे."

क्ष-किरण चित्रातल्या दाढेकडे डॉक्टर जसे वाचवावी की काढावी अशा नजरेने पाहतात, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग आपण आयुष्यभर हिशेबतपासणी केली आहे असे सांगून, मी न विचारता त्यांनी ती पुन्हा सुरू केली.

"ही जादू जन्मापासून होती?"

"हो."

"मग सोळा वर्षं होती कुठे?"

"दडलेली होती. आईने मरताना मंत्राने बांधून ठेवली."

"याचं लेखी काही?"

"पत्र आहे. पेटीत."

"सोळा वर्षं पेटी घरात, आणि मुलीने एकदाही उघडली नाही!"

"किल्ली नव्हती, काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अपराधी वाटला. कारण हीच शंका मला नव्वदाव्या पानावर आली होती आणि मी ती मुकाट्याने गिळली होती.

नंतर त्यांनी खिशातून पुढच्या भेटीची चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर आकडेमोड मांडली. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. विहिरीत समजा वीस हजार लिटर पाणी आहे, पंचवीस अंशांवरून शंभरापर्यंत न्यायचे आहे, म्हणजे पंधरा लाख किलोकॅलरी झाल्या. माणूस दिवसाला दोन हजार खातो. "म्हणजे साडेसातशे दिवसांचं अन्न हिने एका रागात उडवलं. आणि वर ही म्हणे सडपातळ!" शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. चांगल्या अद्भुत कादंबरीत जादूची किंमत मोजावी लागते, ही मुलगीही प्रत्येक मंत्रामागे आपली एकेक आठवण गमावते, असे मी समजावून सांगितले, तेव्हा मात्र ते पहिल्यांदाच खूश झाले. "असं होय! घसारा धरलाय."

त्यांच्या शंकांचा मला राग आला नाही. राग आला तो 'मुलीचं दिसतंय' या दोन शब्दांचा. समोर बसलेले एक पन्नाशीचे गृहस्थ मोबाइलवर रंगीत गोट्या फोडत होते. तो मुलाचा आहे का, असे त्यांना कोणी विचारले नाही. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९५७ मध्ये कुमारवयीन वाचकांसाठी वेगळा विभाग काढला, पुढे बारा ते अठरा अशी त्यांची वयोमर्यादा रूढ झाली, आणि एकोणिसाव्या वाढदिवशी माणसात दडलेले सगळे बाहेर येऊन संपते असा जणू ठरावच झाला. प्रत्यक्षात २०१२ मध्ये बोकर या बाजारपाहणी संस्थेला असे आढळले होते की ही पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून अधिक वयाचे आहेत आणि त्यांतली बहुतेक खरेदी स्वतः वाचण्यासाठीच असते. आमची भीड प्रकाशकांना पक्की ठाऊक आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रकाशकाने जादूगार मुलाच्या गाजलेल्या कादंबरीची खास मोठ्यांसाठी आवृत्ती काढली, तिच्यात नवे काय होते, तर मुखपृष्ठावर आगगाडीचे कृष्णधवल छायाचित्र! मजकूर तोच होता; बदलले होते ते फक्त शेजाऱ्याला दिसणारे अंग. मला तेवढे पांघरूणही मिळाले नाही, आणि मुळात ते मागावे का लागावे, हे मला अजून कळलेले नाही.

"बघू," असे म्हणून गृहस्थांनी पुस्तक माझ्या हातातून घेतले, बोट जिभेला लावले आणि थेट शेवटचे पान उघडले. "बेरीज आधी पाहावी," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निकाल दिला, "गुरुजी फितूर आहेत. पोरगी तुरुंगात. जादू संपली." इतक्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला आणि माझी खूण हातात तशीच धरून ते आत गेले.

उरलेली एकशे बारा पाने मी बधिर जबड्याने दोन रात्रींत वाचली. गुरुजींनी मुलीच्या अंगावर घोंगडे घातले की मला शिरशिरी येई, तिला पाणी दिले की मी विषाचा वास शोधत असे. गुरुजी अखेरपर्यंत देवमाणूस राहिले. मुलगी जिंकली, जादू शाबूत राहिली, आणि संशय घेण्याच्या नादात त्या विजयाचा एक कणही माझ्या वाट्याला आला नाही. मग मी पान उलटले. तिथे ठळक अक्षरांत छापले होते: 'पुढील भागातील पहिले प्रकरण, खास आमच्या वाचकांसाठी.' त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर गुरुजी फितूर होतात.

म्हणजे हातातले पुस्तक तर त्यांनी नासवलेच, पण अजून बाजारातही न आलेले दुसरेही नासवले. आणि त्या पानात पंधरा लाखांच्या हिशेबाची चिठ्ठी तशीच राहिली आहे. तिच्या पुढच्या बाजूला त्यांच्या भेटीचा दिवस आणि वेळ लिहिलेली आहे. मलाही दाढेवर टोपी बसवायला त्याच दिवशी जायचे आहे.