अग्वायोचं नाव घेऊन किकरचा विषय बंद करू नका

दर एप्रिलला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो, इंग्रजीत असतोच, आता अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांच्या गप्पांमध्येही तोच ऐकू येतो. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नाही, जरी आजचा विषय नेमका पायाचाच आहे.) दावा थोडक्यात असा: कॉलेजच्या किकरवर, म्हणजे फक्त पोस्टमधून किक मारायला ठेवलेल्या खेळाडूवर, ड्राफ्टमधला पिक, म्हणजे निवडीची एक पाळी, घालवणं म्हणजे पैसे पाण्यात. रोबर्टो अग्वायो कॉलेजच्या इतिहासातला सगळ्यात अचूक किकर होता, वर्षभरात घरी गेला. जस्टिन टकर आणि ॲडम विनाटिएरी हे एनएफएलचे नावाजलेले किकर ड्राफ्ट न होता मिळाले. डॅलसचा किकर ब्रँडन ऑब्री तर कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही. तेव्हा कॉलेजच्या किकिंगवरून काही म्हणजे काहीच कळत नाही, सगळा खेळ डोक्याचा आहे, आणि चुकलाच तर दुसरा आणता येतो.

ऐकायला एकदम पटतं, आणि म्हणूनच मला ते खटकतं, कारण यातलं एकेक वाक्य सुटं सुटं खरं आहे पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यामुळे चांगल्या चांगल्या पोरांकडे लोक नीट बघतच नाहीत.

सुरुवात अग्वायोपासूनच करू, कारण सगळी इमारत त्याच्याच नावावर उभी आहे. फ्लोरिडा स्टेटचा हा मुलगा, २०१३ मध्ये पहिल्याच सीझनला लू ग्रोझा अवॉर्ड, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज किकर. तीन सीझनमध्ये ७८ पैकी ६९ फिल्ड गोल (पोस्टमधून मारलेली तीन पॉइंटची किक), एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची एका पॉइंटची किक) १९८ पैकी १९८. दोन्ही मिळून २७६ पैकी २६७, ९६.७ टक्के, आणि "इतिहासातला सगळ्यात अचूक" हे बिरूद याच आकड्यावरून आलं. आता हा आकडा फोडून बघा ना. २६७ मधले १९८ एक्स्ट्रा पॉइंट आहेत, आणि कॉलेजात एक्स्ट्रा पॉइंट म्हणजे २० यार्डांची किक. एनएफएलने २०१५ पासून तीच किक ३३ यार्डांवर नेली. पोस्टमधली रुंदी दोन्हीकडे सारखीच, साडेअठरा फूट. पण २० यार्डांवरून मधोमध उभं राहिलं तर ती फट साधारण साडेसतरा अंशांची दिसते, ३३ वरून जेमतेम ११ अंशांची आणि ५० वरून फक्त ७ अंशांची. म्हणजे ज्या किकांनी त्याची टक्केवारी फुगवली त्या किका एनएफएलमध्ये अस्तित्वातच नव्हत्या!

उरले फिल्ड गोल. ४० यार्डांच्या आत ४९ पैकी ४९, कमाल आहे, यावर वाद नाही. पण मग ४० आणि त्यापुढे काय उरतं? २९ पैकी २०. साधारण ६९ टक्के. आणि वर्षागणिक बघा: २०१३ ला २२ पैकी २१, २०१४ ला ३० पैकी २७, २०१५ ला २६ पैकी २१. दरवर्षी खाली. हे सगळं ड्राफ्टच्या आधी उघडं पडलेलं होतं, कुठलंही गुपित नव्हतं. तरी टँपा बेने २०१६ मध्ये कॅन्सस सिटीला तिसऱ्या आणि चौथ्या राउंडचे पिक देऊन वरची जागा घेतली आणि दुसऱ्या राउंडमध्ये ५९ व्या नंबरवर त्याला उचललं. पहिल्या सीझनला ३१ पैकी २२, चुकलेल्यांपैकी बहुतेक ४० यार्डांच्या आसपासच्या आणि पुढच्याच, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सुट्टी. मग मला सांगा, कॉलेजच्या आकड्यांनी फसवलं की आकडे वाचणाऱ्यांनी वरवर वाचले? पाटा विकेटवर रणजीत खोऱ्याने धावा काढणारा बॅट्समन इंग्लंडमध्ये अडखळला तर आपण रणजीला नावं ठेवत नाही, सिलेक्टरना विचारतो की बाबा रे पिच बघितली होतीस का.

त्या मुलाबद्दल एक सांगतो. त्याच्यावर अजूनही हसतात लोक, ते बघवत नाही. त्याने स्वतःला दुसऱ्या राउंडमध्ये घेतलं नव्हतं. २१-२२ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एवढी किंमत ठेवली की पहिल्या चुकीपासून प्रत्येक किक खटला होऊन बसते.

पुढचा मुद्दा, टकर आणि विनाटिएरी ड्राफ्ट झाले नाहीत. बरोबर, नाही झाले. विनाटिएरी साउथ डकोटा स्टेटचा, ॲमस्टरडॅमला वर्ल्ड लीग खेळून १९९६ ला पेट्रियट्समध्ये आला आणि लीगच्या इतिहासात सर्वाधिक २,६७३ पॉइंट करून थांबला. टकर टेक्ससचा, २०१२ ला रेव्हन्सने ड्राफ्टनंतर घेतला, २०२१ मध्ये डेट्रॉइटला ६६ यार्डांची किक क्रॉसबारला आपटून आत. पण जे दरवर्षी ऑगस्टमध्ये कॅंपमधून घरी जातात आणि ज्यांचं नाव पुन्हा कानावर येत नाही ते ड्राफ्ट न झालेले किकर या यादीत का नाहीत? टिकले त्यांचीच नावं मोजायची आणि वर म्हणायचं की बघा, फुकटात मिळतात, हे बरोबर नाही. आणि दुसऱ्या बाजूची नावं सोयीस्करपणे गळतात. सेबॅस्टियन यानिकोव्स्की २००० साली पहिल्या राउंडमध्ये १७ व्या नंबरवर गेला आणि रेडर्सकडे १८ सीझन राहिला. इव्हान मॅकफर्सन २०२१ ला पाचव्या राउंडमध्ये, आणि त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, १४ पैकी १४. टकरचा ६६ यार्डांचा रेकॉर्ड नोव्हेंबर २०२५ मध्ये मोडला तो जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने, ६८ यार्ड, आणि लिटल २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या राउंडला घेतलेला आहे. आर्कन्सॉत त्याची टक्केवारी ८० च्या थोडी वर होती, अग्वायोच्या खाली, आणि एनएफएलमध्ये पहिल्याच सीझनला २९ पैकी २७.

हॅरिसन बटकर तर मला या सगळ्या वादातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. जॉर्जिया टेकला चार वर्षांत ५३ पैकी ३८, म्हणजे ७२ टक्क्यांच्या आसपास. नुसती टक्केवारी बघितली तर कोणी चहालाही विचारणार नाही. पण ती टीम ट्रिपल ऑप्शन, म्हणजे बॉल घेऊन पळण्यावर भर असलेला खेळ, खेळायची, किकरला संधी मोजक्याच. आणि एवढ्या कमी किकांवर टक्केवारी किती हलते याचा हिशोब कोणीही करू शकतं: समजा एखादा किकर खरोखरच ८० टक्क्यांचा आहे आणि सीझनला २५ किका मारतो, तर नुसत्या नशिबाने कधी १८ जातील कधी २२, म्हणजे पाय तोच, किक तीच, आणि कागदावर एकदा ७२ टक्के एकदा ८८ टक्के, आणि आपण मात्र एकाला ढ ठरवतो आणि दुसऱ्याला स्टार. बटकरकडे उंच, सरळ जाणारा बॉल आणि भरपूर ताकद होती, म्हणून कॅरोलायनाने २०१७ ला सातव्या राउंडमध्ये घेतला, मग प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव खेळाडूंत ठेवला, आणि तिथून कॅन्सस सिटीने उचलला. तिथे त्याने तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकल्या. हो, तीच कॅन्सस सिटी, जिने वर्षभरापूर्वी आपला दुसऱ्या राउंडचा पिक टँपाला दिला होता आणि त्यावर टँपाने अग्वायोला घेतलं.

मग कॉलेजात बघायचं काय? माझ्या मते खरा विषय इथे आहे. पहिलं म्हणजे अंतराप्रमाणे किका वेगळ्या करा, ४० च्या आतल्या जवळजवळ बाजूला ठेवा, कारण त्या बहुतेक चांगले किकर मारतात. दुसरं म्हणजे हॅश मार्क, मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, ज्यांच्या मधूनच किंवा ज्यांच्यावरूनच खेळ सुरू होतो. कॉलेजात दोन हॅशमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा, म्हणजे पोस्टच्या रुंदीइतकंच. म्हणजे कॉलेजच्या किकरला बऱ्याच वेळा मधल्या रेषेपासून २० फूट बाजूला उभं राहून तिरकं मारावं लागतं, २५ यार्डांच्या किकला तो तिरकेपणा १५ अंशांचा होतो, एनएफएलमध्ये त्याच अंतरावर सातच्या आसपास. तर एखादा मुलगा डाव्या हॅशवरून जवळच्या दोन-तीन किका चुकला असेल तर तो दोष पुढे त्याच्यासोबत जाईलच असं नाही. आणि ४८ यार्डांवरून मधोमध उभा राहून उजवीकडे ढकलतोय तर ते मात्र जाणार.

तिसरं, बॉल कुठून आत गेला? अपराइटला, म्हणजे पोस्टच्या उभ्या खांबाला, खेटून गेलेली किक आणि मधोमध गेलेली किक, पॉइंट दोन्हीला तीनच. पण व्हिडिओ हळू करून बघा, स्नॅप आला, म्हणजे बॉल मागे फेकला गेला, तो धरणाऱ्या होल्डरने बॉल टेकवून फिरवला, किकरचा टेकायचा पाय दर वेळी बॉलपासून त्याच अंतरावर पडतोय का, कंबर पोस्टकडे वळून थांबतेय का की किक झाल्यावर तो डावीकडे कलंडतोय, बॉल टोकावर टोक असा स्वच्छ फिरतोय की हवेत डुगडुगतोय आणि शेवटच्या दहा यार्डांत वळतोय. स्नॅपपासून पायाला बॉल लागेपर्यंत जेमतेम १.३ सेकंद एवढाच वेळ असतो, त्यात एकाच प्रकारे किक बसणं हेच कौशल्य. वळणारा बॉल कॉलेजात आत जातो आणि पुढे वाऱ्यात बाहेर जातो. आणि ब्लॉक झालेल्या, म्हणजे समोरच्यांनी हवेत अडवलेल्या किका तर बऱ्याचदा पुढच्या लाइनच्या चुकीने, स्नॅप उशिरा आल्याने होतात, आणि नावावर मात्र किकरच्या लागतात, त्या आधी वेगळ्या काढा.

किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी लांब किक, थोडक्यात. २०२४ पासून एनएफएलने किकऑफचा नियम बदललाय, नुसता मैदानाच्या टोकापलीकडे बॉल मारणाऱ्या पायाची किंमत कमी झाली आणि ठरल्या जागी टाकणाऱ्याची वाढली. पण ताकद तिथेच दिसते, आणि त्यावरून ऑब्री आणि त्याच्यासारखाच कॉलेजात फिल्ड गोल न मारलेला जेक बेट्स यांच्या मुद्द्याकडे येतो.

ऑब्री नॉट्र डेमला सॉकर खेळला, टोरांटोच्या सॉकर क्लबने ड्राफ्टही केला, मग सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला, हे खरंय. पण डॅलसने त्याला हवेतून पकडला नाही, बर्मिंगहॅमसाठी यूएसएफएल या छोट्या लीगचे दोन सीझन खेळून दाखवले तेव्हा घेतला, आणि पहिल्या ३५ च्या ३५ मारून त्याने रेकॉर्ड केला. म्हणजे पुरावा होता, फक्त कॉलेजचा नव्हता. जेक बेट्सने कॉलेजात एकही फिल्ड गोल मारला नाही, कारण आर्कन्सॉत तेव्हा फिल्ड गोल कोण मारत होता माहितीये? कॅम लिटल! बेट्स किकऑफ मारायचा. पाय सगळ्यांना दिसत होता, पुढे छोट्या लीगमधल्या मिशिगन पँथर्सकडून ६४ यार्डांची मारली आणि मग डेट्रॉइटला २९ पैकी २६. या दोघांवरून "कॉलेजचं काही कळत नाही" हे निघत नाही, एवढंच निघतं की कॉलेजबाहेरही बघा.

"सगळा खेळ डोक्याचा" म्हणणाऱ्यांना केड यॉर्क आठवत असेल. एलएसयू या कॉलेजसाठी डिसेंबर २०२० मध्ये फ्लोरिडाविरुद्ध दाट धुक्यात ५७ यार्ड, मॅच जिंकून. क्लीव्हलंडने चौथ्या राउंडमध्ये घेतला, पहिल्याच मॅचमध्ये ५८ यार्ड, परत मॅच जिंकून. यापेक्षा थंड डोकं कुठलं? तरी सीझनला ३२ पैकी २४, आणि पुढच्या ऑगस्टला बाहेर. जेक मूडीने सुपर बोलमध्ये ५३ आणि ५५ यार्डांवरून मारल्या, २०२५ ला पहिल्या मॅचनंतर सॅन फ्रान्सिस्कोने सोडला. दबाव असतोच, नाकारत नाही, पण दोन-चार गाजलेल्या किकांवरून डोकं मोजता येत नाही.

आणि हो, हे दोघे ड्राफ्ट झालेलेच होते, मूडी तिसऱ्या आणि यॉर्क चौथ्या राउंडला. म्हणून दाव्यातलं एवढं मी मान्य करतो की किकरवर वरचा पिक घालू नये, तिथे लाइनमन किंवा कॉर्नरबॅक मिळतो. पण सहाव्या-सातव्या राउंडचे बहुतेक खेळाडू तसेही टिकत नाहीत, तिथे चार वर्षांच्या स्वस्त कॉन्ट्रॅक्टवर असा किकर मिळत असेल तर घ्यावाच. "चुकला तर दुसरा आणू" म्हणणाऱ्यांनी हेही धरावं की दुसरा आणेपर्यंत दोन मॅच गेलेल्या असतात, आणि सीझनला मॅच १७ च असतात.